"आपलं काही इथे जगत नाही हो!"

थंड देशात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गप्पा झाडांवर आल्या की हे वाक्य येतंच येतं. "आपलं काही इथे जगत नाही हो." मग एक सुस्कारा, मग कोणाच्या तरी गेलेल्या कढीपत्त्याची हकीकत, आणि मग गाडी पुन्हा घरांच्या किमतींवर. इंग्लंडात आल्यापासून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ऐकलं की कान तापतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. हे वाक्य चूक आहे, आळशी आहे, आणि त्यातला सगळ्यात चुकीचा शब्द 'जगत' नसून 'आपलं' हा आहे.

आपलं म्हणजे नक्की कुठलं? कोकणातलं? द्रासचं? निफाडचा पारा चार-पाच अंशांवर आला की दरवर्षी पेपरात बातमी येते, द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दंव गोठतं, त्याचे फोटो तुम्हीच मला फॉरवर्ड करता. आणि ही सगळी मंडळी इथे आली की भारत म्हणजे एकच एक गरम तवा, आणि त्यावरचं प्रत्येक झाड थंडीला घाबरणारं, असं धरून चालतात!

तर आजचं भांडण यावर आहे. उष्ण देशांच्या नावावर जमा असलेली कितीतरी झुडपं थंड, फ्रॉस्ट पडणाऱ्या मुलखात उघड्यावर, जमिनीत, मजेत वाढतात. ती वाढत नाहीत असं आपल्याला वाटतं, कारण आपण झाडाला पत्ता विचारतो. विचारायला हवी त्याची मूळ जागेची उंची, तिथला उन्हाळा आणि तिथलं पाणी.

ही चूक करणारे आपण पहिले नाही. इंग्रजांनी ती अडीचशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. १७३९ च्या सुमाराला एसेक्समधल्या थॉर्नडन हॉलमध्ये लॉर्ड पीटर नावाच्या हौशी उमरावाकडे कॅमेलिया आला. पूर्वेकडून जहाजातून आलेलं झाड, म्हणजे उबेतलं असणार, अशा समजुतीने त्याला भट्टी लावून तापवलेल्या काचघरात ठेवलं. उकाड्याने मेलं बिचारं. आज इंग्लंडात कॅमेलिया फेब्रुवारी-मार्चमध्ये उघड्या बागेत फुलतो आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

दुसरं उदाहरण तर त्याहून मजेचं आहे. १७८३ साली जपानी ऑक्युबा इंग्लंडात आलं. चकचकीत हिरव्या पानांवर पिवळे शिंतोडे उडवल्यासारखं झुडूप. त्याचेही काचघरात भरपूर लाड झाले. पुढे कोणीतरी बाहेर लावून पाहिलं तेव्हा कळलं की याला थंडीशी काही देणंघेणंच नाही. आज हे झुडूप लायब्ररीच्या मागे, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी, जिथे दुसरं काही येत नाही तिथे उभं असतं. कालचं नाजूक परदेशी रत्न, आज कोणी ढुंकून पाहत नाही.

आता आपल्या दिवाणखान्यात या. रेडिएटर चालू, खिडक्या बंद, हवा पापडासारखी कोरडी. डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातही सूर्य दिसला तर दिसला. अशा खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर मोगरा आणि कढीपत्ता आयसीयूतल्या पेशंटसारखे ठेवलेले. रोज पाणी, रोज चौकशी. उबेमुळे झाडाला वाढावंसं वाटतं आणि उजेड नसल्यामुळे वाढता येत नाही. मग पिवळट, लांबलचक फुटवे येतात, लाल कोळी पडतो, पानं गळतात, आणि फेब्रुवारीत फोन येतो, "गेला गं."

मोगरा आणि कढीपत्ता उघड्यावर इथला हिवाळा काढणार नाहीत, हे मला मान्य आहे. ते खऱ्या अर्थाने उबेतले आहेत. त्यांना थंडीत भरपूर उजेड, बेताची ऊब आणि अगदी कमी पाणी द्यावं, जगतात. पण या दोन-तीन झाडांच्या मरणावरून अख्ख्या देशाच्या वनस्पतींना आपण 'इथे जगत नाही' असा दाखला देऊन टाकतो, त्याला माझी हरकत आहे.

उत्तराखंडात ट्रेकला गेलेल्यांना बुरांश आठवत असेल. लालभडक फुलांनी पेटलेली झाडं, त्याच्या सरबताच्या बाटल्या. हा बुरांश इंग्लंडात १८२० च्या दशकात पहिल्यांदा फुलला. पण इथल्या बागवानांच्या लवकरच एक गोष्ट लक्षात आली. खालच्या उतारांवरच्या बियांपासून आलेली गर्द लाल फुलांची झाडं थंडीत मार खातात, आणि वरच्या उंचीवरची, फिकट गुलाबी किंवा पांढरी फुलं असणारी, टिकतात. नाव एक, जात एक, देश एक. फरक फक्त बी किती उंचीवरून आलं याचा.

चहाचंही तेच. आसामचा मोठ्या पानांचा चहा उकाड्यातला. चीनचा बारीक पानांचा चहा थंडी सोसणारा. दार्जिलिंगच्या मळ्यांत जुनी झाडं बरीचशी या चिनी वाणाची आहेत, कारण तिथल्या थंडीत तीच नीट जमली. आणि आपण ज्याला फक्त 'आपल्याकडचं' समजतो तो चहा कॉर्नवॉलमधल्या ट्रेगॉथनन इस्टेटीत उघड्यावर वाढतो आहे. २००५ पासून इंग्लंडात पिकलेला चहा विकतात ते. कॉर्नवॉलची हवा इंग्लंडात सगळ्यात सौम्य, हे खरं. पण चहाचं झुडूप शेवटी कॅमेलियाच, आणि कॅमेलियाचं काय झालं ते वर सांगितलंच.

माझं स्वतःचं लाडकं उदाहरण म्हणजे नेपाळची डॅफ्ने. डॅफ्ने भोलुआ असं तिचं नाव. नेपाळात हिच्या सालीपासून तो सुंदर हातकागद करतात, लोक्ता म्हणतात त्याला. १९६२ मध्ये मेजर स्प्रिंग-स्मिथ यांनी पूर्व नेपाळात ३,२०० मीटरच्या आसपास हिची झुडपं गोळा केली. त्यातल्या एकाला 'गुरखा' नाव मिळालं, आणि हिलियर नर्सरीत १९८२ मध्ये त्याच्या बियांतून 'जॅकलिन पोस्टिल' ही जात निघाली. जानेवारीत, जेव्हा बाहेर सगळं राखाडी असतं तेव्हा, हे झुडूप अंगभर फुलतं. वास असा, की पोस्टमन थांबून विचारतो कसला म्हणून. हिला कोण 'आपलं' म्हणणार नाही? पण मंडळाच्या एकाही घरात मला ती दिसली नाही. दिसतो तो प्लास्टिकचा मोगऱ्याचा गजरा, देव्हाऱ्यावर.

अजून हवीत? जाईची सख्खी बहीण, काश्मीर-हिमालयाकडची जॅस्मिनम ऑफिसिनाले, इथल्या भिंतींवर सोळाव्या शतकापासून चढते आहे. उणे दहापर्यंत तिला काही होत नाही. हिमालयातली नीळ, म्हणजे ज्या कुळातून आपला नीळ रंग आला त्याच कुळातलं झुडूप, जूनपासून सप्टेंबरपर्यंत जांभळट गुलाबी फुलत राहतं. उटण्यातली कपूरकचरी ठाऊक आहे ना? ती सोनटक्क्याची हिमालयातली चुलत बहीण. झुडूप नव्हे, कंद, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात जमिनीखाली झोपते, उन्हाळ्यात परत वर येते. जास्वंद हवी तर हिबिस्कस सिरियाकस लावा. हिच्या नावात सीरिया आहे आणि झाड मूळचं चीनकडचं. खुद्द लिनियसने पत्ता चुकीचा लिहिला, झाडाचं काही बिघडलं नाही!

आता दुसऱ्या पक्षाकडे वळते. हे आकडेवाले. यांच्याकडे झाडाचं नाव काढलं की लगेच विचारतात, "झोन कुठला?" अमेरिकेतली भावंडं यात फार पटाईत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा असतो, त्यात देशाचे थंडीनुसार पट्टे पाडलेले असतात. शेवटचा २०२३ मध्ये सुधारला. इथे इंग्लंडात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एच-१ ते एच-७ अशी प्रतवारी आहे. दोन्ही उपयोगाच्या आहेत, माझी तक्रार नाही. तक्रार त्या आकड्याला कुंडली समजण्याबद्दल आहे.

अमेरिकी झोन नेमकं काय मोजतो? वर्षातली सगळ्यात थंड रात्र किती थंड, याची तीस वर्षांची सरासरी. बस. ती रात्र एक होती की सलग दहा, त्याआधी पाऊस होता की कोरडं, उन्हाळा कसा गेला, यातलं काहीही त्यात नाही. म्हणूनच या मोजमापाने लंडन आणि फ्लोरिडातलं जॅक्सनविल एकाच नवव्या झोनमध्ये येतात! आता जॅक्सनविलला क्रेप मर्टल बघा. ही आपल्या तामणाची, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्यफुलाची, धाकटी बहीण. तिथे रस्तोरस्ती फुललेली असते. तिथेच कशाला, लंडनपेक्षा कितीतरी कडक हिवाळ्याच्या व्हर्जिनियातही फुलते. आणि लंडनमध्ये? जगते, पण बऱ्याच वर्षी फुलायचं नाव घेत नाही. तिला इथली थंडी मारत नाही, इथला बुळा उन्हाळा उपाशी ठेवतो. फांदी पिकायला ऊन लागतं, ते मिळत नाही. झोनचा आकडा पाहून लावणाऱ्याला हे कधीच कळणार नाही.

उलट बाजूने स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरची इनव्ह्यूची बाग पाहा. अक्षांशाने मॉस्कोच्याही उत्तरेला. १८६२ मध्ये ऑसगुड मॅकेन्झी याने जवळजवळ उघडा खडक असलेली ती जागा घेतली, टोपल्यांनी माती वाहून आणली, आणि आधी वाऱ्याला अडवणारी झाडं लावून ती वाढायची वाट पाहत बसला. वर्षानुवर्षं. त्यानंतर त्या आडोशाला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, चिली, हिमालय, कुठकुठली झुडपं रुजली. अटलांटिकच्या प्रवाहाने तिथला किनारा उबदार राहतो हे खरं, पण आडोसा नसता तर खारा वारा काही शिल्लक ठेवता ना. नकाशा पाहून थांबला असता तर आज तिथे गवतही धड नसतं.

झाड थंडीने मरतं म्हणजे काय होतं, हे जरा समजून घेतलं तर निम्मं भांडण मिटेल. दिवस लहान होऊ लागले, हवा गार होऊ लागली की थंडी सोसणारं झाड तयारीला लागतं. वाढ थांबवतं, पेशींमध्ये साखर साठवतं. मग बर्फ पेशींच्या आत न होता पेशींच्या मधल्या जागेत होतो आणि झाड ते सोसतं. ही तयारी व्हायच्या आधीच कडाका आला तर बर्फ पेशीच्या आत होतो, आणि तिथे खेळ खलास. म्हणून नोव्हेंबरातली उणे चारची एक रात्र जे मारते, ते जानेवारीतल्या उणे दहालाही मरत नाही.

हे सोलापूर-सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला समजावून सांगायला लागत नाही. तो बहार धरतो तेव्हा काय करतो? पाणी तोडतो, ताण देतो, पानगळ करवतो, झाडाला विश्रांती देतो. आणि आपण इथे सप्टेंबरात गार्डन सेंटरमधून नत्राचं खत आणून ओततो, "थंडीच्या आधी जरा ताकद येऊ दे" म्हणून! त्या ताकदीने कोवळे फुटवे येतात आणि पहिल्याच फ्रॉस्टला काळे पडतात. ऑगस्टनंतर खत बंद. छाटणी तर अजिबात नाही, ती वसंतात. जुन्या फांद्या हिवाळ्यात झाडाचं पांघरूण असतात.

दुसरा खुनी म्हणजे ओल. इथल्या चिकणमातीत डिसेंबरभर पाणी साचतं. मुळं आधी गुदमरतात आणि मग गोठतात. दोष मात्र थंडीवर जातो. पाण्याचा निचरा नीट केला, थोड्या उंचवट्यावर लावलं, तर तेच झुडूप दोन-तीन अंश जास्त सोसतं.

तिसरा खुनी म्हणजे आपली हौसेची कुंडी. फांद्यांपेक्षा मुळं नाजूक असतात. जमिनीत वीतभर खाली इंग्लंडातली माती सहसा गोठत नाही. कुंडी मात्र चारी बाजूंनी गोठते, आतला गड्डा बर्फाची वीट होतो. "जमिनीत लावायचं धाडस होत नाही गं, म्हणून कुंडीत ठेवलंय," असं मला सांगतात. अगं, कुंडीतच जास्त धोका आहे!

आणि जागा. थंड हवा पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि सखल भागात साचते. उताराच्या तळाशी दाट कुंपण असेल तर ते बांधासारखं तिला अडवतं. याउलट दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची भिंत दिवसभराचं ऊन रात्री परत देते, आणि छपराची पागोळी निरभ्र रात्री वरून उडून जाणारी ऊब अडवते. एकाच घराच्या पुढच्या आणि मागच्या बागेत यामुळे दोन-तीन अंशांचा फरक पडतो. हे कुठल्याही नकाशात नाही. ते फ्रॉस्टच्या सकाळी चपला घालून बाहेर जाऊन बघावं लागतं, कुठे पांढरं आहे आणि कुठे नाही ते.

मी डर्बीशायरमध्ये राहते, म्हणजे इंग्लंडात समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब. डिसेंबर २०२२ मध्ये माझ्या बागेतल्या थर्मामीटरने उणे नऊ दाखवलं. डॅफ्नेला काही झालं नाही, तीन आठवड्यांनी फुलली. जाईच्या बहिणीची पानं गेली, वेल राहिली. टास्मानियाच्या डोंगरातला बाटलीब्रश (पुण्यात रस्त्याकडेला लोंबणारा नव्हे, तो गरम किनाऱ्याकडचा) वरून पूर्ण भाजला. शेजारच्या काकांनी एप्रिलमध्ये येऊन निदान केलं, "डेड." मी म्हटलं, जुलैपर्यंत हात लावायचा नाही. जूनच्या मध्याला बुंध्यापासून लालसर कोंब आले. इथली निम्मी झुडपं थंडीने मरत नाहीत, एप्रिलमध्ये कुदळीने मरतात. ती चिनी जास्वंद तर मेपर्यंत काडीच दिसते, आणि दरवर्षी कोणीतरी तिला वाळली समजून उपटतं.

आता तिसरा पक्ष, आणि हा जरा वजनदार आहे. "ज्या मातीत जे आहे तेच लावावं. बाहेरची झाडं आणून निसर्ग कशाला बिघडवता?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम इथे अठराव्या शतकात आणला आणि पश्चिम ब्रिटनची जंगलं त्याने आतून पोखरली. हिमालयातला गुलाबी तेरडा १८३९ मध्ये आला, आज नद्यांचे काठ गिळून बसलाय. आपल्याकडे घाणेरीने काय केलं ते पाहतोच आहोत. पण या यादीकडे नीट पाहा. यातल्या कोणालाही इथे कधी पांघरूण घालावं लागलं नाही. पसरतं ते दणकट, भरमसाट बी टाकणारं झाड. ज्याला भिंतीचा आडोसा द्यावा लागतो आणि कडाक्यात फ्लीसचं कापड गुंडाळावं लागतं, ते झुडूप शेजारच्या जंगलावर चाल करून जाईल ही भीती फार ताणलेली आहे. तरी लावण्याआधी ते इथे रानोमाळ झालंय का, एवढं तपासावंच. ती जबाबदारी आपली.

आणि कीटकांचं म्हणाल तर त्याच सोसायटीने विस्लीच्या बागेत २००९ पासून चार वर्षं एक प्रयोग केला. देशी झाडांचे आणि परदेशी झाडांचे वेगवेगळे वाफे करून त्यांवरचे कीटक मोजले. देशी झाडांवर एकूण कीटक जास्त आले, हे खरंच. पण देशी फुलं संपल्यावर, हंगामाच्या शेवटी, परदेशी फुलांनी त्यांना खाऊ घातलं, हेही निघालं. तेव्हा दोन्ही लावा. माझ्या बागेत हॉथॉर्नचं कुंपण आहे आणि त्याच्या आडोशाला नेपाळ. दोघांचं भांडण मी अजून ऐकलेलं नाही :)

हे शुद्धीचं प्रकरण आपल्या घरापर्यंत नेलं तर काय होईल, याचाही विचार करा. तुमच्या शाळेच्या आठवणीतला गुलमोहर मादागास्करचा. सोसायटीच्या गेटवरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. मिरचीही तिकडचीच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी तर थंड हवेचं पीक उष्ण देशात नेऊन लावलेलं, आणि त्याचं आपल्याला किती कौतुक! तिकडे गुलमोहर 'आपला' होऊ शकतो, पण इकडे डॅफ्ने लावली की निसर्ग बिघडतो?

एक मात्र मी या पक्षाच्या बाजूने बोलेन. हिवाळाभर हीटर लावून काचघरात उष्ण कटिबंध वसवणं मला पटत नाही. एका पपईसाठी चार महिने वीज जाळायची, ही बागकाम नव्हे, मुजोरी आहे. तसंच "आता हवामान तापलंच आहे, काहीही लावा, जगेल" असं म्हणणाऱ्यांनाही हात जोडून सांगते. २०२२ हे एकच वर्ष घ्या. जुलैत लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश, आणि डिसेंबरात स्कॉटलंडच्या ब्रेमरमध्ये उणे १७.३. सरासरी वाढली म्हणून ती एक रात्र यायची थांबत नाही. डिसेंबर २०१० आठवा, मध्य इंग्लंडात १८९० नंतरचा सगळ्यात थंड डिसेंबर होता तो. झुडूप निवडायचं ते अशा रात्रीचा विचार करूनच.

शेवटचं भांडण कविता करणाऱ्यांशी आहे. परदेशातलं झाड म्हटलं की यांना लगेच उपमा सुचते. मुळं, माती, उपटलं जाणं, दुसऱ्या मातीत न रुजणं. दर दिवाळी अंकात एक तरी असतेच. कृपा करून माझ्या झुडपांना त्यात ओढू नका. डॅफ्नेला नेपाळची आठवण येत नाही. तिला निचऱ्याची माती आणि उन्हाळ्यात मुळांशी सावली लागते, ते दिलं की ती फुलते. न दिलं की मरते. त्यात विरह वगैरे काही नाही.

पण या उपमेचा परिणाम मात्र खरा असतो, म्हणून चिडते मी. "आपलं काही इथे जगत नाही" हे एकदा मान्य केलं की पुढचा दरवाजा बंद. मग घर घेतलं की पहिल्याच वर्षी पुढच्या बागेवर पेव्हर ब्लॉक बसतात, दोन गाड्या उभ्या राहतात. मागे हिरवळ, तीही नाइलाजाने. मग सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा येतात. जन्मभर शेती नाहीतर परसबाग केलेली माणसं. ताण कधी द्यायचा, डोळा कसा भरायचा, कलमाला कुठली फांदी घ्यायची, हे ज्यांच्या बोटांत आहे, त्यांना आपण पहिल्याच दिवशी सांगतो, "इथे काही येत नाही हो बाबा, तुम्ही आपले टीव्ही बघा." आणि ती खिडकीत बसून राहतात. जे ज्ञान या मातीत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं असतं, ते आपण सोफ्यावर बसवून ठेवतो. पोरं हे सगळं बघत असतात. दारातली माती आपली नव्हे, ती गाडी लावायची जागा, हे त्यांना आपणच शिकवतो.

तेव्हा मंडळी, येत्या मेमध्ये एक झुडूप लावा. लहानसंच घ्या, मोठं महागाचं नको. शरदात लावू नका, मे-जूनमध्ये लावलं की हिवाळ्याआधी मुळं पसरायला पाच-सहा महिने मिळतात. नर्सरीत देश विचारू नका, बी किती उंचीवरून आलंय ते विचारा. नसेल माहीत त्यांना, तर दुसरी नर्सरी गाठा. पहिले दोन हिवाळे बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या. आई-बाबा आलेले असतील तर खुरपं त्यांच्या हातात द्या आणि आपण बाजूला उभे राहा.

आणि मेलंच, तर जुलैपर्यंत थांबून, साल खरवडून, मुळं उकरून, ते कशाने मेलं ते बघा. ओलीने, कुंडीने, खताने की वाऱ्याने. कारण सापडलं की दुसरं लावा. नुसतं 'थंडीने गेलं' असं मला सांगायचं नाही.